झोपाळ्याच्या फळीचं तेल

बाबा एक्याऐंशीचे आहेत, आणि तीन महिने ते फक्त "बघू" म्हणत होते.

प्रश्न साधा होता. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही बडोद्यातच, अकोट्याला लिफ्टवाला फ्लॅट घेतला होता. कारेलीबागेतलं आमचं टेनामेंट म्हणजे खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या आणि मधे प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणायला लावणारा जिना. आई निघायला एका पायावर तयार होती, दुसरा तसाही दुखत होता. बाबा मात्र येणार की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. "तुम्ही व्हा पुढे," असं ते एकदा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाला डबा देणाऱ्या बाईंकडे एका माणसाच्या डब्याची चौकशी करून आले. एक्याऐंशीव्या वर्षी, एकटे, डब्यावर. त्या रात्री आई जेवली नाही. बाबा जेवले, आणि भाजीला मीठ कमी आहे असंही म्हणाले.

खूप खोदून विचारल्यावर त्यांनी अट सांगितली.

"फळी येणार असेल तर मी येईन."

फळी म्हणजे पुढच्या खोलीतल्या झोपाळ्याची. सागवानी, चांगली पाच फुटी, पितळी साखळ्यांवर टांगलेली. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून बाबा तिच्यावर पेपर वाचतात, डुलक्या काढतात आणि गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला "केम छो" म्हणतात. एवढ्या वर्षांत चहाच्या कपांनी तिच्यावर पांढरी वर्तुळं उमटवली होती, आणि बाबा आडवे होतात त्या टोकाला त्यांच्या डोक्याचा आकार काळ्या रंगात कायमचा छापला गेला होता.

"येऊ दे की फळी," बायको म्हणाली. "पण अशी नाही हं. ही अशी हॉलमध्ये आली तर मी बाल्कनीत राहायला जाईन."

एकूण काय, बाबा येणं फळीवर अवलंबून, फळी येणं पॉलिशवर, आणि पॉलिश माझ्यावर. मी वाघोडियाच्या एका कंपनीत खरेदी खात्यात आहे. मी साधा चष्म्याचा स्क्रू पिळायला घेतला तरी आमच्या घरात कुणीतरी उठून मेन स्विच बंद करतं.

आता बाबांच्या नोकरीबद्दल दोन शब्द. तेही वाघोडियालाच होते, रंगाला लागणारी रसायनं करणाऱ्या एका कारखान्यात, आग विझवण्याच्या खात्यात. सगळी नोकरी तिथेच झाली आणि एकदाही आग लागली नाही. हे त्यांच्या खात्याचं यश होतं, पण ते सांगताना बाबांचा आवाज जरा पडायचा. गवयाने सगळा जन्म रियाज करावा आणि मैफलीला कुणी बोलावूच नये, तसं काहीसं. मग ते घरीच शिकवायचे. गॅसच्या शेगडीशी कसं उभं राहावं, निरांजन कुठे ठेवू नये, तेलकट चिंध्या कुठे कोंबू नयेत. जिन्याखाली त्यांनी रेतीची एक बादली ठेवली होती, तिचा उपयोग गल्लीतलं एक मांजर स्वतःच्या पद्धतीने करत असे. बाबांच्या सगळ्या सूचना आम्हाला तोंडपाठ होत्या, त्यामुळे आम्ही त्या ऐकणं कधीच सोडलं होतं.

तर फळी. लाकूड कोरडं पडलंय म्हणजे त्याला तेल हवं, एवढा विचार मी केला. आता बडोद्याच्या घरात तेल म्हणजे सिंगतेल. दुसरं तेलही जगात असतं, हे आम्हाला आजारी पडल्यावर डॉक्टर सांगतात. स्वयंपाकघरात पंधरा किलोचा डबा उभाच होता. मी वाटीभर शेंगदाण्याचं तेल घेतलं आणि कापसाच्या बोळ्याने फळीला प्रेमाने चोपडलं. फळी अशी चमकली की मी बायकोला बोलावून आणलं.

"वा!" ती म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर मिळालेला हा "वा" मी अजून जपून ठेवला आहे, पुढे काय झालं ते सोडून.

बाबा बसले. तासाभराने उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या लेंग्याच्या मागच्या बाजूला लाकडाच्या सगळ्या रेषा उमटल्या होत्या. मी म्हणालो, "उद्यापर्यंत वाळेल." उद्या वाळलं नाही. परवाही नाही. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन, ज्यात धुतलेली चादर दोरीवर टाकेपर्यंत अर्धी वाळते, त्या उन्हात ते तेल ढिम्म ओलं राहिलं. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. स्वयंपाकघरातून निघालेली रांग भिंतीने छतापर्यंत चढून कडीवरून साखळीने खाली फळीवर उतरत होती. खोलीला भज्यांचा वास येऊ लागला. बाबांना दुपारी तीनलाच भूक लागायला लागली.

मग मी तेल टिपायला फळीवर टाल्कम पावडर भुरभुरवली. त्याच संध्याकाळी बाबांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र आले आणि बोलता बोलता फळीवर बसले. काळी पँट होती. ते निघाले तेव्हा आम्ही सगळे दारापर्यंत त्यांच्या मागे गेलो आणि कुणीच काही बोललो नाही.

त्या दिवसापासून बाबांनी अबोला धरला. सगळ्यांशी नाही, फक्त माझ्याशी. मी समोर बसलेला असलो तरी ते आईला सांगत, "त्याला म्हणावं, पेपर दे." आई मला सांगे, "हे म्हणतात, पेपर दे." मी पेपर बाबांच्या हातात देई. मी फळी खाली उतरवली, तेव्हा बाबांनी प्लास्टिकची खुर्ची बरोबर त्या रिकाम्या साखळ्यांच्या समोर लावली आणि तिच्यावर बसून ते साखळ्यांकडे पाहू लागले. घर सोडायला दोन आठवडे उरले होते, आणि डबेवाल्या बाई दारावरून जाताना आता बाबांकडे पाहून ओळखीचं हसत होत्या.

मी शहरात गेलो, रंगाच्या एका जुन्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, आधी काय लावलंय? मी सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत तोंड करून हाक मारली, "पप्पा, बहार आवो! आ भाईए हिंचकाने सिंगतेल लगाड्युं!"

आतून एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत, झोपाळ्याला सिंगतेल लावणाऱ्या मला खास बघायला बाहेर आले. बघून झाल्यावर त्यांनी मला स्टूल दिलं. आजारी माणसाला देतात तसं.

"भाऊ, सिंगतेल कधी सुकत नाही," ते म्हणाले. बडोद्यातले जुने दुकानदार समोरचा मराठी आहे हे ओळखून मराठी काढतात, आणि ते बहुतेक आपल्यापेक्षा बरं असतं. "सुकतं ते अळशीचं."

"म्हणजे जवसाचं?"

"तेच. सुकतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवा खातं. हवा खाऊन खाऊन घट्ट होतं, लाकडात बसतं. पण आधी तुमची भजी काढायला पाहिजेत."

मग त्यांनी सांगितलं. टर्पेंटाइनने सगळं पुसायचं. काचकागदाने घासायचं, काळं जाईपर्यंत. उकळलेलं जवसाचं तेल, तेही पातळ हाताने. वीस मिनिटं थांबायचं, उरलेलं कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, एक दिवस सोडून मगच दुसरा हात. जास्त लावलं तर चिकटच राहतं. आणि यात लवकर सुकायचं औषध असतं, म्हणून हे तेल खायचं नाही, अंगाला चोळायचं नाही.

"आणि पुसलेली फडकी," म्हातारे बोट वर करून म्हणाले, "गोळा करून ठेवायची नाहीत. एक एक सुटं, बाहेर, दोरीवर. नाहीतर पाण्यात बुडवून. तेल हवा खातं ना, तेव्हा गरम होतं. सुटं असलं की गरमी उडून जाते. गाठोडं केलं की आत कोंडते. मग आपोआप पेटतं."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांचा मुलगाही हसला नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "फडकी म्हणे आपोआप पेटतात. काडी न लावता." आम्ही दोघं हसलो. बाबा खुर्चीवर होते. पेपर तोंडासमोर होता आणि तो किंचित हलला, पण अबोला म्हणजे अबोला.

आईला फक्त एकच शब्द ऐकू गेला होता. "जवसाचं तेल? अरे मग थोडं गुडघ्यांना दे मला. आणि चटणीत घालू."

"आई, ते खायचं नाही. लावायचंही नाही."

"जवस खात नाहीत? तुझ्या आजीने जन्मभर खाल्लं."

शेवटी बायकोने डब्यावर कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: खाऊ नये. चोळू नये. हे घरातल्या सर्वांना लागू आहे. हे शेवटचं वाक्य आपल्यासाठी आहे हे आईने बरोबर ओळखलं आणि ती रुसली. त्यामुळे फडक्यांचं सांगायचं राहून गेलं. म्हणजे घरातले एक जण माझ्याशी बोलत नव्हते आणि दुसऱ्यांशी मी बोलायला धजत नव्हतो, अशी आमची त्या आठवड्यातली व्यवस्था होती.

काम मात्र झकास चाललं होतं. टर्पेंटाइनने भजी निघाली. काचकागदाने वर्तुळं गेली, बाबांचं डोकं गेलं, आणि खालून मधासारखं लाकूड वर आलं. शुक्रवारी पहिला हात दिला. फडकी म्हणजे आईच्याच जुन्या सुती साडीचे तुकडे होते, ते मी पुढच्या कठड्यावर एकेक पसरून वाळत घातले आणि वाळून कडक झाल्यावर टाकून दिले. "पुढच्या दारी चिंध्या," असं आई भिंतीला उद्देशून म्हणाली. रविवारी अकराला दुसरा हात दिला, फडकी कठड्यावर टाकली, आंघोळ केली, आमरस-पुरी जेवलो आणि झोपलो.

आता आईबद्दल. आई घडी घालते. कशाचीही. दुधाच्या पिशव्या धुऊन त्यांची घडी, भेटवस्तूंच्या कागदांची घडी, औषधांबरोबर येणाऱ्या चिठ्ठ्यांची घडी. वापरलेलं सुती फडकं टाकून देणं तिच्या स्वभावात नाही. ते पुन्हा कामाला येतं आणि तोवर ते बोचक्यात राहतं. मी आंघोळीला गेल्याबरोबर तिने कठड्यावरची सहाच्या सहा फडकी उचलली, एकेकाची आठपदरी चौकोनी घडी घातली, जुन्या उशीच्या अभ्र्यात ती दाबून बसवली, वर गाठ मारली आणि बोचकं मागच्या अंगणात खाटेखाली ठेवलं. खाटेवर तिच्या साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या. नव्या घरी जाताना न्यायच्या म्हणून.

तीनच्या सुमाराला बायकोने मला हलवलं. "अहो, कोणीतरी मासे तळतंय."

आमच्या गल्लीत अंडं आणायचं तरी लोक पिशवीत पिशवी घालून आणतात. मी नाक वर केलं. खरंच वास होता, जुनं तेल आणि मासे यांच्या मधला. एवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून शेजारच्या मासीबांचा आवाज आला. त्या अत्यंत सोवळ्या, आणि आवाजात दुःख होतं.

"बेन, तमारे त्यां शुं तळाय छे?"

मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "अरे, धुमाडो! खाटला नीचे धुमाडो!"

आम्ही धावलो. खाटेखालून धूर येत होता. कुणी काडी लावली नव्हती, जवळपास शेगडी नव्हती, आणि बोचकं मात्र आपल्या मनाने धुमसत होतं. अभ्र्याच्या मधोमध एक तपकिरी डाग पसरत होता. मी येता येता उचललेल्या तांब्यातलं पाणी टाकायला पुढे झालो.

"थांब!"

बाबा दारात उभे होते. दहा दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी इतका गहिवरलो की खरोखर थांबलो.

"सगळे पुढच्या दारी. गुलमोहराखाली. पळायचं नाही, भराभर चालायचं. चला!"

"अहो, माझ्या पापड्या," आई म्हणाली.

"वस्तूंसाठी मागे फिरायचं नाही!"

आणि आम्ही गेलो. पन्नाशी ओलांडलेला मी, माझी बायको आणि गुडघे धरून आई, गुलमोहराखाली एका ओळीत उभे राहिलो. मासीबाही आल्या, कारण सगळे जिथे जातात तिथे त्या जातात. बाबांनी आमच्यासमोर येऊन बोटाने मोजलं.

"घरातले तिघं. एक कमी आहे. आत कोण राहिलंय?"

"बाबा, चौथे तुम्ही."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बरोबर," ते म्हणाले, आणि वळून आत गेले. त्यांचं एवढं सरळ चालणं मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी हुकूम मोडून मागोमाग गेलो, म्हणून पुढचं सांगू शकतो. बाबांनी बादलीतली रेती पाहिली, मांजराचं कर्तृत्व पाहिलं आणि बादली बाजूला ठेवली. मग माळ्यावरची जळमटं काढायची लांब काठी घेतली, ती गाठीत अडकवली आणि बोचकं सावकाश, तोंड बाजूला करून, खाटेखालून ओढून काढलं. हवा लागल्याबरोबर त्याने भप्पकन जाळ धरला. हातभर. मी ओरडलो. बाबा ओरडले नाहीत. मोरीच्या सावलीत आईने उद्याच्या वेफर्ससाठी बटाट्याच्या कातऱ्या मोठ्या टबात तुरटीच्या पाण्यात भिजत घातल्या होत्या. काठीच्या टोकाला जळतं बोचकं धरून बाबा चार पावलं चालले आणि त्यांनी ते त्या टबात बुडवलं. 'चुर्र' झालं. काठीने त्यांनी ते तळाशी दाबून धरलं, आणि घड्याळात बघून पूर्ण दहा मिनिटं तसंच धरून ठेवलं. कातऱ्या वर तरंगून त्यांच्या पायावर येत होत्या.

"आत अजून गरम असतं," ते मला म्हणाले. मला! "वरून विझलेलं दिसतं. लोक इथेच फसतात. गाठ सोडतात."

"तुम्हाला ठाऊक होतं? फडक्यांचं?"

"अरे, चाळीस वर्षं हेच सांगतोय. परवा तू दुकानातलं सांगत होतास तेही ऐकलं मी. तू कठड्यावर टाकलीस, तेव्हा म्हटलं, चला, एक तरी गोष्ट शिकला." मग आवाज खाली आणून, "तुझ्या आईला सांगितलं नाहीस ना?"

"ती रुसली होती. आणि तुम्ही का नाही सांगितलंत?"

"मी तुझ्याशी बोलत नव्हतो."

खाटेचा एक पाय काळा झाला होता, आणि पापड्यांना असा काही वास लागला होता की मांजरही त्यांच्याकडे फिरकलं नाही. आईने कातऱ्यांच्या टबात पाहिलं आणि ती पाटावर बसली. मग म्हणाली, "मी घातली हो घडी. मला काय माहीत, फडकी पेटतात?" बाबा तिच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि तिला तेल हवा कसं खातं ते समजावू लागले. ते तिने आधी कधीच ऐकलं नसल्यासारखं ऐकलं. गल्लीतले सात-आठ जण जमले होते. बाबांनी त्यांनाही समजावलं. एकाला काठी कशी धरायची ते करून दाखवलं.

संध्याकाळी ते फळीजवळ आले. ती दोन स्टुलांवर आडवी होती. त्यांनी बोटाने टिचकी मारली, तळवा फिरवला, तळव्याचा वास घेतला. ते फक्त म्हणाले, "तिकडे जिना कुठल्या बाजूला आहे?"

"तिकडे लिफ्ट आहे, बाबा."

"आगीत लिफ्ट वापरतात?"

नव्या घराबद्दल तीन महिन्यांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, प्रत्यक्षच बघा ना. उद्या सुट्टी घेऊ आम्ही."

दुसऱ्या दिवशी विश्वामित्रीचा पूल ओलांडून आम्ही अकोट्याला गेलो. बाबा माझ्या स्कूटरवर मागे, बायको तिच्या स्कूटरवर. मी हॉल, बाल्कनी, आईसाठी बसवलेली आधाराची दांडी असं दाखवायची तयारी करून गेलो होतो. बाबा फ्लॅटमध्ये आलेच नाहीत. ते जिन्याने निघाले. पहिल्या मजल्याच्या वळणावर तीन सायकली, दुसऱ्यावर कुणाचं तरी जुनं कपाट, तिसऱ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी छतापर्यंत. आग विझवायच्या नळकांड्यावर जुनी छत्री टांगली होती. बाबा प्रत्येक मजल्यावर थांबत होते, आणि दर वेळी त्यांचा चेहरा जास्त उजळत होता.

चौथ्या मजल्यावर पोचून त्यांनी वॉचमनला वर बोलावलं. तो धापा टाकत आला.

"ही सायकल, हे कपाट, ही रद्दी," बाबा गुजरातीत त्याला खडसावत होते, "रस्त्यात काहीही नको. रविवारपर्यंत काढायचं."

"दादा, तमे कोण?" वॉचमनने विचारलं.

"आवता रविवारथी हुं अहीं रहेवानो छुं," बाबा म्हणाले. "रोज जोईश."

रविवारपासून इथे राहून रोज बघणार म्हटल्यावर बायकोने माझं कोपर इतकं घट्ट धरलं की मला कळ आली. मी तिथूनच, जिन्यावरूनच, आईला फोन लावला. येतायत म्हणून सांगितलं. मग नाक ओढून आईने विचारलं, "फळी कुठे टांगायची ते बघितलं का त्यांनी?"

ते त्यांनी बघितलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या लाल बादलीत रेतीऐवजी माती घालून कुणीतरी तुळस लावली होती, आणि तिला हलवायचं कसं, यावर बाबा आणि वॉचमन हात जोडून विचार करत उभे होते.